पटावरचा सोबती

बुद्धिबळ खेळल्याने स्मृतिभ्रंश टळतो का, असे निवृत्त मंडळी मला नेहमी विचारतात. अमेरिकेत २००३ साली प्रसिद्ध झालेल्या ४६९ वृद्धांच्या अभ्यासात वाचन, वाद्यवादन आणि पटावरचे खेळ यांत रमणाऱ्यांना हा विकार कमी प्रमाणात झाल्याचे आढळले. मात्र एवढ्यावरून खेळाला औषध म्हणता येणार नाही. ज्यांची बुद्धी शाबूत, तेच खेळायला जात असतील, अशीही शक्यता उरते.

तरीही क्लबातली बुद्धिबळाची संध्याकाळ मला मोलाची वाटते. माणसातला बदल पुष्कळदा घरच्यांच्या आधी समोर बसणाऱ्या सोबत्याला कळतो. वीस वर्षांचा मुरलेला गडी घोड्याची अडीच घरे चुकू लागला, आपली पाळी कोणती हे वारंवार विचारू लागला, की आपण 'वय झाले' म्हणून हसतो. कृपया हसू नका. बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉईडचा विकार, नैराश्य यांमुळेही विसर पडतो आणि त्यावर उपचार आहेत. त्याच्या घरी सांगा, डॉक्टरांकडे वेळेवर न्या.

निदान काहीही निघो, त्याचा पट मांडणे थांबवू नका. नियम चुकले तरी चालतील, माणूस एकटा पडता कामा नये.