प्रकट पाठ आणि गुप्त पाठ : संगणकीय दस्तऐवजांच्या मानकांचा वाद

शास्त्रोक्त कल्पाचा पाठ ग्रंथात प्रकट असतो. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० च्या पहिल्या अनुसूचीत ज्या ग्रंथांची नोंद आहे, त्यांतील सितोपलादी चूर्ण कोणतीही परवानाधारक फार्मसी करू शकते. स्पर्धा होते ती द्रव्यांच्या शुद्धतेची आणि किमतीची. पेटंट व प्रोप्रायटरी औषधाचे तसे नाही. घटक लेबलवर छापलेले असले तरी निर्माणविधी कंपनीच्या हाती राहतो. हा भेद आपणास नित्य परिचयाचा आहे. संगणकावर आपण जे लिहून ठेवतो त्यालाही असाच एक पाठ असतो, याकडे मात्र वैद्यवर्गाचे फारसे लक्ष गेलेले नाही.

मजकूर, तक्ता, समास हे फाइलमध्ये कोणत्या रीतीने नोंदवावयाचे, याच्या नियमास फॉरमॅट म्हणतात. मायक्रोसॉफ्ट वर्डचा ‘डॉक’ हा फॉरमॅट अनेक वर्षे जगभर चालला आणि त्यावर एकाच कंपनीचे नियंत्रण राहिले. सन मायक्रोसिस्टिम्सने १९९९ मध्ये स्टारडिव्हिजन ही जर्मन कंपनी विकत घेऊन पुढच्याच वर्षी तिच्या कार्यालयीन सॉफ्टवेअरची संहिता ‘ओपनऑफिस’ या नावाने खुली केली. त्यातून ओपन डॉक्युमेंट फॉरमॅट, म्हणजे ओडीएफ, आकारास आला. ओएसिस या संस्थेने त्यास मे २००५ मध्ये मान्यता दिली आणि २००६ मध्ये तो आयएसओ २६३०० हे आंतरराष्ट्रीय मानक झाला. आयबीएम त्याच्या पाठीशी होती. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याने २००५ मध्येच शासकीय कागदपत्रांसाठी ओडीएफचा स्वीकार जाहीर केला, तेव्हा मायक्रोसॉफ्टला धोका जाणवला.

उत्तरादाखल मायक्रोसॉफ्टने ऑफिस २००७ मधील ‘डॉकएक्स’चा फॉरमॅट ‘ऑफिस ओपन एक्सएमएल’ या नावाने एक्मा या संस्थेकडून डिसेंबर २००६ मध्ये संमत करून घेतला आणि तो शीघ्र मार्गाने आयएसओपुढे ठेवला. ओडीएफचा दस्तऐवज सुमारे ७०० पानांचा, तर हा ६,००० पानांहून मोठा. पानांच्या संख्येवर आक्षेप नसावा. आपले ग्रंथही काही लहान नाहीत. आक्षेप आहे तो आतील मजकुरावर. त्यात ‘वर्ड ९५ प्रमाणे अंतर ठेवा’ अशा अर्थाच्या खुणा होत्या. पण वर्ड ९५ नेमके काय करते, ते सांगितलेले नव्हते. भैषज्यकल्पनेच्या ग्रंथात ‘अमुक वैद्य करतात तसा पाक करावा’ एवढेच लिहून ठेवले, तर त्यास पाठ म्हणता येईल काय? दुसरा मासला तर विनोदी आहे. लोटस १-२-३ या जुन्या सॉफ्टवेअरने १९०० हे वर्ष चुकून लीप वर्ष मानले होते. एक्सेलने सुसंगतीसाठी ती चूक चालू ठेवली, आणि २९ फेब्रुवारी १९०० ही कधी न उगवलेली तारीख आंतरराष्ट्रीय मानकाच्या मसुद्यात जाऊन बसली.

सप्टेंबर २००७ च्या मतदानात मसुदा फेटाळला गेला. सहभागी सदस्यांपैकी दोनतृतीयांश मते हवी असताना ५३ टक्केच मिळाली. स्वीडनमध्ये तर मायक्रोसॉफ्टच्या एका कर्मचाऱ्याने भागीदार कंपन्यांना समितीत येण्यासाठी प्रलोभन दाखविल्याचे उघड झाले आणि त्या देशाचे मत बाद ठरले. फेब्रुवारी २००८ मध्ये जिनिव्हा येथे अवघ्या पाच दिवसांत हजाराहून अधिक हरकतींचा निकाल लावण्यात आला. एप्रिलमध्ये ७५ टक्के मतांनी मानक संमत झाल्याची घोषणा झाली. भारतीय मानक ब्यूरोने दोन्ही वेळा विरोधी मत दिले. पुढे दक्षिण आफ्रिका, ब्राझील व व्हेनेझुएला यांच्याप्रमाणेच भारतानेही अपील केले. ती अपिले फेटाळली गेली, तरी त्या भूमिकेचा मला अभिमान वाटतो.

सन आणि आयबीएम यांना केवळ लोकहिताची कळकळ होती, असे मात्र कोणी समजू नये. प्रतिस्पर्ध्याची मक्तेदारी मोडण्यात त्यांचाही लाभ होता. शिवाय ओडीएफही निर्दोष नव्हता. तक्त्यातील गणितसूत्रे कशी लिहावीत, याचा निर्णय त्यात २०११ च्या १.२ आवृत्तीपर्यंत नव्हता. दोन मानके असणे हाही मुळात दोष नव्हे. मागध आणि कलिंग ही दोन माने आपल्याकडे नांदलीच. शार्ङ्गधराने मागध मान श्रेष्ठ मानले, पण दोन्ही सांगितली. दोन्ही प्रकट असल्यामुळे एकातून दुसऱ्यात रूपांतर करता येते. खरा प्रश्न पाठ पूर्ण सांगितला आहे की नाही, हाच आहे. सन कंपनी २०१० मध्ये ओरॅकलमध्ये विलीन झाली. तरी तिच्या काळात जतन केलेली ओडीएफ फाइल आज लिबरऑफिसमध्ये, इतकेच नव्हे तर वर्डमध्येही उघडते. पाठ जाहीर असल्याचे हे फळ.

आपल्या व्यवसायात याचे महत्त्व सांगावयास हवे काय? फार्मसीचे बॅच रेकॉर्ड आणि जीर्ण व्याधींच्या रुग्णांचे केसपेपर वर्षानुवर्षे लागतात. माझ्या परिचयातील एका फार्मसीचालकाची आठ वर्षांची उत्पादन नोंद एका सॉफ्टवेअरमध्ये होती. विक्रेत्याने व्यवसाय गुंडाळला आणि ती नोंद दुसरीकडे नेण्याचा मार्गच उरला नाही. मराठीत तर दुहेरी अडचण आहे. युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टंकलेला मजकूर तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर इंग्रजी अक्षरांचा गोंधळ होऊन दिसतो. तेथे ओडीएफ एकटा उपयोगी पडत नाही; अक्षरांसाठी युनिकोडच हवे.

भारत सरकारच्या नोव्हेंबर २०१० च्या ई-गव्हर्नन्स खुल्या मानक धोरणात एका कामासाठी एकच, स्वामित्वशुल्करहित मानक असावे हे तत्त्व स्वीकारले आहे. शासन जे मागते, ते आपण का मागू नये? चिकित्सालयाचे सॉफ्टवेअर घेताना सर्व नोंदी युनिकोडमध्ये आणि ओडीएफ अथवा सीएसव्हीसारख्या प्रकट फॉरमॅटमध्ये बाहेर काढून देण्याची अट करारात लेखी घालावी. विक्रेता टाळाटाळ करू लागला, तर दुसरा शोधावा. आपल्या संघटनेनेही सभासदांसाठी अशा कराराचा नमुना तयार करावा आणि या त्रैमासिकासाठीचे लेख यापुढे युनिकोडमध्येच मागवावेत, असा प्रस्ताव आगामी वार्षिक सभेपुढे मी मांडणार आहे. अनुमोदकाची आवश्यकता आहे.