भूक शमल्याचा निरोप

लठ्ठ मूल दिसले की ‘जरा तोंड आवर’ असे सांगून नातेवाईक, शिक्षक आणि कधी कधी डॉक्टरही मोकळे होतात. काही मुलांच्या बाबतीत हा सल्ला नुसता निरुपयोगी नाही, तर अन्यायाचा असतो.

न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये अतिलठ्ठ उंदरांमधले बिघडलेले जनुक शोधून काढले. माणसात हे जनुक सातव्या गुणसूत्रावर असते. त्यापासून बनणारे प्रथिन म्हणजे लेप्टिन. चरबीच्या पेशी ते रक्तात सोडतात आणि ‘साठा पुरेसा आहे’ हा निरोप मेंदूतल्या हायपोथॅलॅमसपर्यंत पोहोचतो. निरोप आलाच नाही, तर शरीरात कितीही चरबी साठली तरी मेंदूला उपासमारच वाटत राहते.

१९९७ मध्ये इंग्लंडमध्ये मूळच्या पाकिस्तानी कुटुंबातल्या दोन नात्यातल्या मुलांमध्ये हाच दोष सापडला. आठ वर्षांच्या मुलीचे वजन ८६ किलो होते, दोन वर्षांच्या मुलाचे २९ किलो. मुलीला रोज लेप्टिनचे इंजेक्शन सुरू केल्यावर वर्षभरात तिचे वजन सुमारे १६ किलोंनी उतरले. भूक आवरली ती धाकाने नव्हे, औषधाने.

हा आजार अत्यंत दुर्मीळ आहे. बहुतेक लठ्ठ व्यक्तींच्या रक्तात लेप्टिन भरपूर असते. मेंदू त्याला दाद देत नाही. त्यामुळे त्यांना इंजेक्शनचा फारसा उपयोग होत नाही. लेप्टिनच्या नावाने विकल्या जाणाऱ्या गोळ्यांवरही पैसे घालवू नयेत. हे प्रथिन तोंडावाटे घेतले तर इतर प्रथिनांसारखेच पचून जाते.

मात्र बाळाचे जन्मवजन नेहमीसारखे असून पहिल्या काही महिन्यांतच ते झपाट्याने वाढू लागले आणि खाऊनही भूक शमत नसेल, तर बालरोगतज्ज्ञांकडून तपासणी करून घ्यावी. आई आणि वडील दोघांकडूनही सदोष जनुक आले तरच हा आजार होतो. नात्यातल्या लग्नात ती शक्यता वाढते. मामाच्या मुलीशी लग्न करण्याची रीत असलेल्या महाराष्ट्रातील कुटुंबांनी हे ध्यानात ठेवावे.

आहार आणि व्यायाम यांचे महत्त्व कमी होत नाही. पण मुलाला खादाड म्हणण्याआधी त्याचे वजन केव्हापासून वाढले, एवढे तरी विचारले गेले पाहिजे.