मे महिन्यात शाळेचे फाटक उघडे हवे

वार्षिक परीक्षा आटोपल्या, की पालकांना चहूकडून एकच सल्ला मिळू लागतो: मुलांना उन्हात सोडू नका, घरातच ठेवा. वर्तमानपत्रांच्या पुरवण्या तेच सांगतात, प्रशासनाची पत्रके तेच सांगतात आणि घरातली आजीही तेच सांगते. हा सल्ला निराधार आहे असे कोणी म्हणणार नाही. चंद्रपूर, अकोला, नागपूर इथे मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जातो. विदर्भातल्या शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात त्या याच कारणाने. तरीही ‘मूल घरात म्हणजे मूल सुरक्षित’ हे समीकरण मला मान्य नाही. त्यात धोक्याचे निदान अर्धवट आहे आणि उपायाचा सगळा भार एकट्या आईवर टाकलेला आहे. सुट्टीतला मोठा घोर आहे तो मुलांच्या देखरेखीविना जाणाऱ्या तासांचा. शाळा सुरू असते तेव्हा त्या तासांना कोणीतरी जबाबदार असते. सुट्टी लागली की तेच तास बेवारस होतात. म्हणून माझे म्हणणे असे, की गावोगावच्या आणि वस्त्यावस्त्यांतल्या शाळांची आवारे सुट्टीतही सकाळ-संध्याकाळ मुलांसाठी उघडी असावीत, आणि तिथे सावली, पाणी, खाणे आणि लक्ष ठेवणारे एक मोठे माणूस असावे.

आधी उन्हाचेच पाहू. मुलांचे शरीर मोठ्यांइतकी उष्णता सोसू शकत नाही, असे वैद्यकातही बराच काळ मानले जाई. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०११ मध्ये ही भूमिका बदलली. निरोगी मुलाला पुरेसे पाणी मिळत असेल, तर व्यायाम करताना उष्णता सोसण्यात ते मोठ्यांपेक्षा उपजत कमी पडत नाही, असे तिने उपलब्ध अभ्यास तपासून म्हटले. त्रास होतो तो पाणी कमी पडले, दमछाक होईपर्यंत खेळवले आणि मधे विसावा दिला नाही म्हणजे. तान्ही बाळे, तापाने किंवा जुलाबाने खंगलेली मुले यांची गोष्ट वेगळी. त्यांना जपलेच पाहिजे. पण आठ-दहा वर्षांच्या धडधाकट मुलाच्या बाबतीत प्रश्न ‘ऊन की घर’ असा नसून किती वाजता, किती वेळ आणि किती पाणी पिऊन, असा आहे. दुपारी बारा ते चार मैदानात कोणी असू नये, याबद्दल वादच नाही. मात्र त्या चार तासांची भीती सकाळी सातच्या आणि संध्याकाळी साडेपाचच्या माथी मारण्याचे कारण नाही. शिवाय ‘घर’ म्हणजे कुठले घर, हेही विचारले पाहिजे. पत्र्याच्या एका खोलीत दुपारी दोन वाजता, वीज गेलेली असताना, बाहेरच्या कडुनिंबाखालच्या सावलीपेक्षा जास्त उकडते. ‘घरात ठेवा’ हा सल्ला स्लॅब, पंखा आणि कूलर गृहीत धरून दिलेला असतो. शहरी सोसायटीतही भिंतींच्या आत सगळे सुरक्षित असतेच असे नाही. उन्हात उभ्या असलेल्या बंद मोटारीतले तापमान पंधरा मिनिटांत दहा अंशांनी चढू शकते, आणि लपाछपी खेळणाऱ्या लहान मुलाला मोटारीचे दार आतून उघडता येईलच असे नाही. 

कोंडून ठेवण्याची किंमतही मोजावी लागते. चीनमधल्या ग्वांगझू शहरात बारा शाळांतल्या पहिलीच्या मुलांवर तीन वर्षे एक प्रयोग झाला. निम्म्या शाळांत रोज चाळीस मिनिटे जास्तीची मोकळ्यावर घालवायला लावली. २०१५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तेव्हा नेहमीच्या शाळांतल्या ३९.५ टक्के मुलांना लांबचे अंधुक दिसू लागले होते; मोकळ्यावर जास्त वेळ राहिलेल्यांत हे प्रमाण ३०.४ टक्के होते. म्हणजे बाहेरचा उजेड ही मुलांच्या डोळ्यांची गरज आहे. सुट्टीभर पडद्याआड आणि मोबाईलपुढे बसवलेले मूल उन्हापासून वाचते हे खरे, पण त्याची झोप, भूक, नजर आणि सवंगडी यांचे काय होते, हा हिशेब ‘सुरक्षित’ या शब्दाखाली दडपला जातो.

आता ज्या धोक्याबद्दल उन्हाळ्याचे सल्ले पुष्कळदा गप्प असतात, तो धोका. जागतिक आरोग्य संघटनेच्या अहवालानुसार २०२१ मध्ये जगात सुमारे तीन लाख माणसे बुडून मेली. त्यांतली जवळपास चौथाई पाच वर्षांखालची मुले होती. आपल्याकडे राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालात २०२१ आणि २०२२ या दोन्ही वर्षी बुडून मेलेल्यांचा सर्व वयांचा आकडा ३५ हजारांच्या वर आहे, आणि महाराष्ट्र या यादीत वरच्या राज्यांत आहे. उकाडा वाढला, शाळा बंद झाल्या, की मुले पाण्याकडे धावणारच. त्यातही शेततळे हा नवा सापळा आहे. पाणी मुरू नये म्हणून त्याच्या चारही उतरत्या बाजूंना जाड प्लास्टिकचे अस्तर घातलेले असते. ते ओले झाले आणि त्यावर शेवाळ धरले, की पायाला पकड राहत नाही. काठावर हात धुवायला वाकलेले मूल घसरते आणि घसरले की त्याला पोहता येत असले तरी वर चढता येत नाही; प्रत्येक प्रयत्नागणिक ते खाली येते. त्याला काढायला भाऊ उतरतो, मग बहीण. एकाच तळ्यात दोन-तीन भावंडे गेल्याच्या बातम्या येतात त्या अशाने. दुष्काळी भागाला आधार देणारे हे तळे वाईट नाही. कुंपणाविना आणि दोरीविना ठेवलेले तळे वाईट आहे. काठाला पक्की बांधलेली गाठींची दोरी, टायरची शिडी आणि तारेचे कुंपण यांचा खर्च अस्तराच्या खर्चापुढे किरकोळ असतो.

इथे एक पिढी पुढे येऊन म्हणेल, ‘आम्ही दिवसभर विहिरीत डुंबायचो, रानात भटकायचो, आम्हाला काय झाले?’ ज्यांना काही झाले नाही तेच हे सांगायला उरले आहेत, हे या युक्तिवादाचे पहिले वैगुण्य. दुसरे अधिक महत्त्वाचे आहे. त्या काळी विहिरीत शिकणाऱ्या पोराच्या पाठीला सुका भोपळा किंवा रिकामा डबा बांधलेला असे, कमरेच्या दोरीचे टोक काठावरच्या काकाच्या हाती असे आणि मोट किंवा रहाट चालू असल्याने तिथे दिवसभर माणसांचा राबता असे. म्हणजे ज्याला आज आपण मोकळीक म्हणतो, तिच्यामागे देखरेख होती. फक्त ती कोणाला नेमून द्यावी लागत नव्हती. मोटारपंप आले, विहिरीवरची वर्दळ आटली, आणि पाणी मात्र तिथेच राहिले. जुन्या आठवणींचे गोडवे गाणाऱ्यांनी ती दोरी धरणारा हात आज कोणाचा, याचे उत्तर द्यावे.

दुसरा आक्षेप याच्या उलट टोकाचा आहे: पोहायला शिकवले तर मुले उलट धीट होतील आणि जास्त बुडतील. हा आक्षेप ऐकायला पटतो, पण अनुभव त्याच्या बाजूने नाही. तळ्या-पोखरांनी भरलेल्या बांगलादेशात २००६ ते २०१० दरम्यान दोन उपाय एकत्र राबवले गेले. लहानग्यांसाठी ‘आंचल’ नावाची गावातली पाळणाघरे सुरू झाली, जिथे आई घरकामात गुंतलेली असते त्याच वेळात गावचीच बाई मुले सांभाळते. चार वर्षांवरच्या मुलांना गावच्या तळ्यात बांबूचा मंच बांधून पोहायला आणि दुसऱ्याला सुखरूप वाचवायला शिकवले. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या दोन्ही गटांत बुडून मरण्याचे प्रमाण ऐंशी टक्क्यांहून अधिक घटलेले आढळले. जागतिक आरोग्य संघटनाही आज हीच दिशा सांगते: लहान मुलांना देखरेखीची जागा, मोठ्या मुलांना पोहण्याचे धडे आणि मोठ्यांना प्रथमोपचार. यातले शेवटचेही हलके नाही. बुडणाऱ्याला काढायला उडी न मारता बांबू, साडी, दोरी, रिकामा कॅन फेकायचा, हे दहा वर्षांच्या मुलालाही शिकवता येते. काढलेल्याला उलटे टांगून किंवा पोट दाबून पाणी काढण्यात मोलाची मिनिटे जातात. श्वास थांबला असेल तर तोंडाने श्वास देणे आणि छाती दाबणे हाच उपचार, हे प्रत्येक गावात दोन-चार जणांना तरी येत असले पाहिजे.

तिसरा आक्षेप सर्वांत जास्त ऐकू येतो: ‘ही पालकांची जबाबदारी आहे, सरकारची कशाला?’ ज्यांना परवडते ते ही जबाबदारी पैसे देऊन दुसऱ्यावर सोपवतात; पुण्या-मुंबईची छंदशिबिरे म्हणजे दुसरे काय? धुणीभांडी करणाऱ्या, रोजंदारीवर जाणाऱ्या आईला हा मार्ग नाही. ती बेजबाबदार नसते, ती कामावर असते. आणि मुलाची गरज सुट्टी घेत नाही, हे तत्त्व या देशाने आधीच मान्य केले आहे. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २००४ मध्ये, आणि पुन्हा मे २०१६ मध्ये, दुष्काळी भागांत उन्हाळ्याच्या सुट्टीतही मुलांना मध्यान्ह भोजन देण्याचा आदेश दिला. भोजन सुट्टीत देता येत असेल, तर त्याच आवारात सावली आणि देखरेख का देता येऊ नये? महाराष्ट्राला ही कल्पना परकीही नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला अंगणवाडी वस्तीत नेली आणि गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली. मूल जिथे आहे तिथे सोय न्यायची, हा त्यांचा धडा सुट्टीलाही लागू आहे.

राहिला शिक्षकांचा आणि पैशाचा प्रश्न. निवडणूक, जनगणना, सर्वेक्षणे यांनी आधीच वाकलेल्या शिक्षकांवर हे ओझे टाकू नये. त्यांची सुट्टी त्यांचीच राहावी. बचत गटातली एखादी बाई आणि गावातले पोहता येणारे दोन तरुण यांना रीतसर मानधन द्यावे. सकाळी सात ते दहा आणि संध्याकाळी पाच ते सात फाटक उघडे असावे. माठात पाणी, हाताशी ताक किंवा पन्हे, ओआरएसची खरी पाकिटे आणि पाकिटावर लिहिलेल्या मापानेच पाणी घालणारे कोणी असावे. ‘ओआरएस’ नाव लावून विकल्या जाणाऱ्या गोड पेयांवरून ते नाव काढायला अन्न सुरक्षा प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये सांगितले ते उगीच नाही. जास्त साखरेने जुलाब वाढू शकतात. कपाटातली गोष्टींची पुस्तके बाहेर यावीत, पण वही, गृहपाठ आणि चाचणी यांना तिथे पूर्ण मज्जाव असावा, नाहीतर सुट्टीची शाळा होईल आणि मुले पुन्हा तळ्याकडे वळतील. एवढ्याचा खर्च गावच्या एका सत्कार समारंभाहून फारसा जास्त येणार नाही.

१ मेला गावोगाव ग्रामसभा भरते. त्या सभेत तीन प्रश्न विचारा आणि उत्तरे इतिवृत्तात लिहून घ्या: गावातली कुंपण नसलेली तळी आणि कठडा नसलेल्या विहिरी किती व कोणाच्या, त्यांना दोरी आणि कुंपण कोणत्या तारखेपर्यंत, आणि शाळेच्या फाटकाची किल्ली उद्यापासून कोणाकडे. शहरांत हेच प्रश्न नगरसेवकाला विचारावेत. उत्तर मिळाल्याशिवाय सभा संपू देऊ नका.