कुशीत चमक आणि भाव



शत्रुंजयाच्या साडेतीन हजारांवर पायऱ्या चढताना कुणाच्या कुशीत चमक भरली, की मागून हमखास ऐकू येतं, "भाव कमी पडला." मला हे पटत नाही. भाव कमी नाही, ठेपले जास्त झालेले असतात!

यात्रेच्या सरावाला आम्ही बोईसरच्या बायका पालघर-मनोर रस्त्यावरच्या वाघोबा खिंडीतून काळदुर्ग चढतो. सूर्योदयानंतर 48 मिनिटांनी नवकारसी पारली, की ठेपले, चहा, वर तांब्याभर उकळलेलं पाणी, आणि लगेच चढण. गेल्या खेपेस माझ्या उजव्या बरगडीखाली अशी कळ आली, की नवकार पुटपुटायलाही श्वास पुरेना. पण बोलायची लाज! थोरल्या जाऊबाईंनीच ओळखलं. "थांब, पुढे वाक." दुखतं तिथे बोटांनी दाबून लांब श्वास सोडत राहिले, तशी कळ उतरली.

भरल्या पोटी, गोड सरबतावर ही चमक जास्त येते. आता मी खाल्ल्यावर दोन तास थांबते, पाणी घोटघोट पिते. थांबूनही कळ गेली नाही किंवा छातीत दुखू लागलं, तर मात्र डोलीने खाली या, डॉक्टर गाठा. सासूबाईंना काय सांगायचं, ते मी बघते.