क्षमा मनात ठेवा, तक्रार मात्र नोंदवा



"जाऊ दे, तीसच रुपये गेले." हे वाक्य आपल्या घरांत किती वेळा ऐकू येतं! भाजीवाल्या मावशीशी दोन रुपयांसाठी घासाघीस करणाऱ्या आपण, मोबाइल कंपनीने न विचारता पैसे कापले की मात्र गप्प बसतो. आणि त्या गप्प बसण्याला क्षमा म्हणतो. मला हे पटत नाही.

आमच्या सासूबाईंच्या साध्या बटणाच्या फोनवर एकदा सिनेमाच्या गाण्याची कॉलर ट्यून चालू झाली. त्यांनी काही मागितलं नव्हतं. सकाळी बस्तीत जाणाऱ्या, संध्याकाळी सामायिकाला बसणाऱ्या बाईंना फोन केला की नाचाचं गाणं वाजायचं आणि दर महिन्याला बॅलन्समधून पैसे जायचे. घरातले हसत होते. मला हसू आलं नाही. न दिलेलं घेणं याला आपल्याकडे अदत्तादान म्हणतात. ते माणसाने केलं काय आणि कंपनीच्या यंत्राने केलं काय, फरक कुठे आहे?

उत्तम क्षमा म्हणजे मनात वैर न धरणं. पैसे कोणी कापले हे न विचारणं, असा तिचा अर्थ मी कुठल्याही प्रवचनात ऐकलेला नाही. आपण बोललो नाही तर उद्या शेजारच्या आजींच्या फोनमधूनही तसेच पैसे जातील.

पण दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. तक्रार करायला बसलो की आपला आवाज चढतो. पलीकडे फोन उचलणारा मुलगा किंवा मुलगी पगारी नोकर असते. प्लॅनचे दर त्यांनी ठरवलेले नसतात. त्यांना टाकून बोललं तर पैसे परत येत नाहीत, कर्म मात्र बांधलं जातं. हित, मित आणि प्रिय वचन इथे अगदी व्यवहारात उपयोगी पडतं. थोडक्यात बोला, तारीख आणि रक्कम सांगा, आणि डॉकेट नंबर मागा. तो नंबर कागदावर लिहून ठेवा.

आता कामाचं सांगते. तक्रारीसाठी १९८ हा नंबर सर्व कंपन्यांना सारखाच आहे आणि तो मोफत आहे. ट्रायच्या २०१२ च्या नियमांप्रमाणे तक्रारीला डॉकेट नंबर देणं कंपनीला बंधनकारक आहे. उत्तर पटलं नाही किंवा आलंच नाही, तर ३० दिवसांत त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जाता येतं. त्याला फी नाही, आणि अपिलाचा निकाल ३९ दिवसांत लागायला हवा. कॉलर ट्यूनसारख्या न मागितलेल्या सेवा बंद करायला १५५२२३ आहे. सेवा चालू झाल्यापासून २४ तासांत बंद करायला सांगितलं तर पैसे परत मिळायला हवेत. म्हणून पैसे कापल्याचा मेसेज आला की दुपारच्या निवांत वेळेची वाट पाहू नका. जाहिरातींच्या फोनसाठी १९०९ आहे. एवढं करूनही कंपनी दाद देत नसेल, तर इंग्रजीत पोर्ट हा शब्द आणि आपला नंबर लिहून १९०० वर मेसेज पाठवा. येणारा कोड चार दिवस चालतो. बिल थकलेलं नसेल आणि त्या कंपनीत ९० दिवस झाले असतील, तर नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते.

एक सावधगिरी: ग्राहक सेवेचा नंबर गूगलवर शोधू नका. तिथे ठगांनीही नंबर टाकून ठेवलेले असतात. आणि ओटीपी कोणालाही सांगायचा नाही, समोरचा कितीही गोड बोलला तरी.

परिग्रह परिमाणाचं व्रत आपण कपड्या-दागिन्यांना लावतो, प्लॅनलाही लावावं. २८ दिवसांचा प्लॅन वर्षाला तेरा वेळा भरावा लागतो. ३० दिवसांचा निदान एक तरी प्लॅन ठेवणं कंपन्यांना बंधनकारक आहे. ज्या आजींना फक्त बोलायचं आहे, त्यांच्यासाठी इंटरनेट नसलेला प्लॅनही असायलाच हवा, असं ट्रायने डिसेंबर २०२४ मध्ये सांगितलं आहे. मग रोजचा दोन जीबी डेटा त्यांच्या गळ्यात कशाला?

आणि शेवटचं, मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. आपल्यातल्या कितीतरी जणींचं सिम नवऱ्याच्या किंवा मुलाच्या नावावर असतं. तक्रार करायला गेलं की पलीकडून विचारतात, "ज्यांच्या नावावर आहे त्यांना फोन द्या." बँकेचा ओटीपी आपल्याच नंबरवर येतो, तरी तो नंबर कागदोपत्री आपला नसतो. नवऱ्याच्या पश्चात तर साधं सिम हरवलं तरी त्या बाईने दहा ठिकाणी हात जोडायचे. हे आत्ताच बदलून घ्या. दोघं मिळून, दोघांची ओळखपत्रं घेऊन कंपनीच्या दुकानात जा आणि सिम आपल्या नावावर करून घ्या. यात घरच्यांवर अविश्वास नाही. घरच्या सगळ्या हिशेबाची जबाबदारी आपण घेतो, मग ही का नको?

आज जेवणं आटोपली की घरातल्या ज्येष्ठांचा फोन हातात घ्या आणि महिन्याभराचे मेसेज वाचून काढा. काही खटकलं तर शांतपणे १९८ लावा.

जय जिनेंद्र.