प्रगणक दारात येईल तेव्हा



जनगणनेची बातमी आली की ती सरकारी कामाची बातमी समजून आपण पान उलटतो. या वेळी उलटू नका. येत्या जनगणनेत सर्वांची जातही मोजण्याचा निर्णय केंद्र सरकारने ३० एप्रिल २०२५ रोजी जाहीर केला. १९३१ नंतर जनगणनेत असे प्रथमच होणार आहे. महाराष्ट्रासह देशाच्या बहुतेक भागासाठी १ मार्च २०२७ ही संदर्भ तारीख ठरली आहे. बातमी नवी असली तरी तिच्यामागे आपल्या आजोबा-पणजोबांचा इतिहास उभा आहे.

पूर्वी खानेसुमारीत आपण कोण हे दुसरेच ठरवीत. १९११ च्या खानेसुमारीत इंग्रज सरकारने काही कसोट्या लावल्या. कोणाला ब्राह्मणाकडून मंत्र मिळत नाही, कोणाला देवळाच्या गाभाऱ्यात जाता येत नाही, कोणाच्या स्पर्शाने विटाळ होतो, अशा त्या कसोट्या होत्या. बाबासाहेबांनी १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या 'द अनटचेबल्स' या ग्रंथात त्यांची यादी दिली आहे. म्हणजे आपली ओळख काय, तर आपल्याला काय नाकारले आहे ती!

आता पुढचे आकडे पाहा. आजच्या महाराष्ट्राच्या हद्दीत १९५१ च्या जनगणनेत बौद्धांची संख्या होती अवघी २,४८७. त्यानंतर १४ ऑक्टोबर १९५६ चा दिवस उगवला आणि नागपुरात बाबासाहेबांनी लाखो अनुयायांसह धम्मदीक्षा घेतली. दोन महिन्यांच्या आतच त्यांचे महापरिनिर्वाण झाले. आता ही माणसे परत जुन्या वाटेला लागतील, असे अनेकांना वाटले. १९६१ च्या जनगणनेने त्यांना उत्तर दिले. महाराष्ट्रात बौद्ध म्हणून नोंद झाली २७ लाख ८९ हजार ५०१ लोकांची!

हे उत्तर फुकट मिळालेले नाही. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार बौद्ध झालेला माणूस अनुसूचित जातीत धरला जात नव्हता. महाराष्ट्र शासनाने राज्यापुरत्या सवलती दिल्या, पण केंद्राच्या राखीव नोकऱ्यांचे दार बंद राहिले. मुलाची नोकरी जाईल हे ठाऊक असूनही गिरणीत, रेल्वेत, शेतावर राबणाऱ्या आपल्या माणसांनी 'बौद्ध' असेच सांगितले. सही न येणाऱ्या आजीनेही हेच सांगितले. पुढे मोर्चे निघाले, निवेदने गेली, आणि १९९० साली संसदेने कायद्यात दुरुस्ती करून बौद्धांनाही अनुसूचित जातीच्या सवलती दिल्या. मधे एक पिढी निघून गेली.

आज ती भीती उरलेली नाही. तरीही एक आकडा मनाला लागतो. १९६१ साली महाराष्ट्रात शंभरात सात माणसे बौद्ध होती. २०११ साली संख्या ६५ लाख ३१ हजार झाली, पण शंभरातले प्रमाण सहाच्याही खाली आले. याची कारणे अनेक आहेत. बाहेरून लोक आले, कुटुंबे लहान झाली. पण एक कारण आपल्या हातातले आहे. अजूनही काही घरांत 'सवलत जाईल' या जुन्या धास्तीने धर्म हिंदू सांगितला जातो. काही ठिकाणी न विचारताच लिहिला जातो आणि आपण पाहतही नाही.

आता कोणी विचारील, 'आपण जात सोडली, मग जात कशाला सांगायची?' प्रश्न रास्त आहे. आपण जात मनातून काढली, पण ज्यांनी ती आपल्यावर लादली त्यांच्या मनातून ती गेलेली नाही. भाड्याच्या खोलीपासून लग्नाच्या वरातीपर्यंत तिचा अनुभव येतोच. ज्या अन्यायावर उपाय हवा त्याची मोजदाद व्हायलाच हवी. धर्म हा आपण स्वीकारलेला मार्ग आहे, तर जातीची नोंद हा आपल्यावर झालेल्या अन्यायाचा हिशेब आहे. १९९० च्या कायद्यामुळे या दोन्ही नोंदी एकाच माणसाच्या नावापुढे होऊ शकतात.

तेव्हा घरातल्या आया-बहिणींना विशेष विनंती. प्रगणक बहुधा दुपारी येतो. घरधनी कामावर असतो आणि उत्तरे तुम्हीच देता. धर्म विचारला की ठामपणे 'बौद्ध' सांगा. जात विचारली की दाखल्यावर जी आहे ती सांगा. दाखला आजच शोधून जवळ ठेवा. या वेळी नोंद मोबाइलवर होणार आहे. तेव्हा काय नोंदले ते वाचून दाखवायला सांगा. वाचता येणारा मुलगा किंवा मुलगी जवळ बसवा. शेजारच्या म्हाताऱ्या जोडप्याकडेही लक्ष ठेवा. विहारातल्या रविवारच्या वंदनेनंतर पाच मिनिटे या विषयाला द्या.

आपल्या आजीने नोकरीवर पाणी सोडून जो शब्द उच्चारला, तो उच्चारायला आज आपल्याला काहीच मोजावे लागत नाही. मग तो सांगताना आवाज खाली का यावा?

जयभीम! नमो बुद्धाय!