‘शंभर वर्षांतून एकदा’ म्हणजे काय रे भाऊ?

ऑक्टोबर 2020 मध्ये भीमेला पूर, सप्टेंबर 2025 मध्ये सीनेला. तेही आपल्या दुष्काळी सोलापूर जिल्ह्यात! मग ‘शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर’ म्हणजे काय? एकदा आला की 99 वर्षं सुट्टी, असं नाही. त्याची शक्यता दरवर्षी 1 टक्का; 30 वर्षांत मिळून सुमारे 26 टक्के! नदीकाठची लाल पूररेषा याच पुराची. निळी रेषा 25 वर्षांतल्या पुराची. तिथं 30 वर्षांतली शक्यता तब्बल 70 टक्के. हे अंदाज पाऊस-पुराच्या जुन्या नोंदींवर बांधतात. पाऊस बदलला आणि नोंदी जुन्याच राहिल्या, तर रेषाही चुकणार. म्हणून नदीकाठी घर बघताय? आधी विचारा: पूररेषा कुठून जाते आणि तिचे आकडे कोणत्या सालापर्यंतचे?